आरजीबी लेसरचा ड्रायव्हर बोर्ड : तारा कापलेल्या, खुणा पुसलेल्या, वायरिंग कशी शोधावी?

रामबाग_सर्किट
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाला यंदा मागच्या भिंतीवर लेसरने मंडळाचं नाव आणि आरतीच्या वेळी ओंकार काढायचाय. एका डेकोरेटरकडे जुना रंगीत लेसर बंद पडून होता, तो त्यांनी मंडळाला देऊन टाकला. आरसे हलवणारे गॅल्व्हो आणि त्यांचा अॅम्प्लिफायर वेगळे काढून तपासले, ते ठणठणीत आहेत. तिन्ही लेसर मॉड्यूलवरच्या चिकटपट्ट्याही शाबूत आहेत : लाल ६३८ नॅनोमीटर ३०० मिलीवॉट, हिरवा ५२० नॅनोमीटर १०० मिलीवॉट, निळा ४५० नॅनोमीटर ५०० मिलीवॉट.

घोडं अडलंय ते ड्रायव्हर बोर्डापाशी, म्हणजे लेसरना प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटपाशी. कुणीतरी सगळ्या तारा कनेक्टरपासून बोटभर अंतरावर कापल्यात आणि बोर्डावरची छापील अक्षरं घासून काढलीत. बोर्ड तळहाताएवढा आहे. एका कडेला दोन स्क्रूंचं जाड टर्मिनल. त्याच्या शेजारी चार पिनांचा कनेक्टर. समोरच्या कडेला दोन-दोन पिनांचे तीन आणि कोपऱ्यात दोन पिनांचे आणखी दोन छोटे. मध्ये निळे चौकोनी प्रीसेट (स्क्रू फिरवून जुळवायचे रोधक) सहा, हीटसिंकवर मॉस्फेट (प्रवाह कमीजास्त करणारे ट्रान्झिस्टर) तीन, आठ पायांचे आयसी दोन आणि ट्रान्झिस्टरसारखं दिसणारं तीन पायांचं एक काहीतरी. मॉस्फेटवर आयआरएफ५४० वाचता येतं. अजून बोर्डाला सप्लाय दिलेला नाही.

किती व्होल्ट द्यायचे, कुठली पिन कुठल्या रंगाची, आणि कोपऱ्यातले ते दोन कनेक्टर कशाचे, एवढं कळलं तर पुढचं जमेल.

ग्वाल्हेरी_तारा
लाल तार पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लाव आणि चार पिनांवर ५ व्होल्ट फिरवून बघ, जो रंग पेटेल ती त्याची पिन. अर्ध्या तासाचं काम आहे.

बडोदेकर_अणुरेणू
असं मुळीच करू नका! लेसर डायोड म्हणजे एलईडी नव्हे. प्रवाह मर्यादेच्या वर गेला की क्षणार्धात त्याचा आतला आरसा जळतो. मग तो नुसता एलईडीसारखा मिणमिणतो, किरण पुन्हा मिळत नाही. आणि तारांच्या रंगावर तर अजिबात विसंबू नका. दुरुस्त्या झालेल्या पेटीत हाताला लागेल ती तार लावलेली असते.

आधी तिन्ही मॉड्यूल बोर्डापासून लांब ठेवा आणि प्रत्येकाच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून टाका, म्हणजे स्टॅटिकने डायोड जाणार नाहीत. सध्या तुमच्याकडे नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असेल, हवा कोरडी ठक्क. सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग असलेलंच बरं.

कॅट_निवृत्त
ताईंनी सांगितलंय ते पहिलं कर. माझी नोकरी इंदूरच्या कॅट या सरकारी संशोधन संस्थेत झाली, म्हणजे आताचं राजा रामण्णा केंद्र, तीही लेसरच्याच विभागात. डायोड मरतात ते बहुतेक वेळा असे टेबलावरच मरतात, चाचणी घेताना.

सप्लाय न देताही बोर्ड बरंच काही सांगतो. मल्टिमीटर घे आणि या क्रमाने जा.

ग्राउंड शोध. सप्लायजवळच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ज्या बाजूला पट्टा असतो तो पाय निगेटिव्ह. मीटर बझरवर ठेव, थेट जोडणी असली की तो बीप देतो. त्या पायापासून टर्मिनलच्या कुठल्या स्क्रूपर्यंत बीप येतो ते बघ. त्याच कपॅसिटरवर छापलेले व्होल्टही लिहून घे, सप्लाय त्याच्या खूपच खाली राहायला हवा.

ते तीन पायांचं काहीतरी माझ्या अंदाजाने ७८एल०५ असेल, म्हणजे ५ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर. सपाट बाजू तुझ्याकडे आणि पाय खाली धरलेस, तर डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट असा क्रम असतो. मोठ्या ७८०५ चा क्रम याच्या बरोबर उलटा आहे, तिथे भलेभले फसतात. हा रेग्युलेटर निघाला तर बोर्डाचा सप्लाय ५ व्होल्टचा नाही हे नक्की, कारण ५ काढायला त्याला निदान ७ तरी लागतात.

आठ पायांच्या आयसीवर खाच वरच्या बाजूला धर. डावीकडे वरून खाली १ ते ४, उजवीकडे खालून वर ५ ते ८. एलएम३५८ असेल तर ४ वर ग्राउंड आणि ८ वर सप्लाय मिळेल. एक गोष्ट आताच डोक्यात ठेव. एका एलएम३५८ मध्ये दोन ऑप-अँप, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करून आउटपुट ठरवणारी सर्किटं, असतात. दोन आयसी म्हणजे चार झाले, आणि रंग तर तीनच आहेत.

रामबाग_सर्किट
काका, ताई, खूप आभार. काल रात्री भिंगाखाली बसलो होतो.

उजवा स्क्रू कपॅसिटरच्या पट्ट्याच्या पायाला, रेग्युलेटरच्या मधल्या पायाला आणि दोन्ही आयसींच्या ४ नंबरला बीप देतो. डावा स्क्रू रेग्युलेटरच्या उजव्या पायाला आणि आयसींच्या ८ ला जातो. कपॅसिटर २५ व्होल्टचा आहे. म्हणजे १२ व्होल्ट धरायला हरकत नाही ना?

पण लेसरच्या तीन कनेक्टरांनी गोंधळात टाकलंय. प्रत्येकाची एक पिन डाव्या स्क्रूला, म्हणजे थेट १२ व्होल्टच्या पॉझिटिव्हला बीप देते. दुसरी पिन आपापल्या मॉस्फेटच्या मधल्या पायाला जाते. मॉस्फेटचा तिसरा पाय ग्राउंडला बीप देतोय. सव्वादोन व्होल्टच्या लाल डायोडला थेट बारा कसे चालतील? बोर्ड आतून शॉर्ट झाला असेल का?

ग्वाल्हेरी_तारा
शॉर्टच दिसतोय. बोर्ड बदल, नवे मिळतात.

बडोदेकर_अणुरेणू
शॉर्ट नाहीये! मॉस्फेटच्या तिसऱ्या पायाजवळ एखादा मोठा काळा रेझिस्टर आहे का बघा. आर१०० किंवा आर०५० असं काही छापलेलं असेल.

रामबाग_सर्किट
आहे. तिन्ही ठिकाणी आर१००.

बडोदेकर_अणुरेणू
मग उलगडलं. आर१०० म्हणजे ०.१ ओहम. मीटरचा बझर काही ओहमपर्यंत सगळ्यालाच बीप देतो, त्यामुळे हा रेझिस्टर त्याला दिसतच नाही. तिसरा पाय ग्राउंडला थेट जोडलेला नाही, या रेझिस्टरमधून जोडलेला आहे. आणि प्रवाहाचं मोजमाप होतं ते नेमकं याच रेझिस्टरवर.

प्रवाह असा वाहतो : १२ व्होल्टपासून लेसरच्या पॉझिटिव्हला, लेसरमधून मॉस्फेटच्या मधल्या पायात म्हणजे ड्रेनमध्ये, तिथून सोर्समध्ये, मग ०.१ ओहममधून ग्राउंडला. ऑप-अँप त्या रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट बघत बसतो. ०.४ अँपिअर वाहिले की तिथे ४० मिलिव्होल्ट येतात. त्याहून जास्त दिसलं की तो गेटचं, म्हणजे मॉस्फेटच्या पहिल्या पायाचं, व्होल्टेज उतरवतो आणि मॉस्फेट आवळला जातो. बारातले सव्वादोन लाल डायोडवर पडतात आणि उरलेले पावणेदहा मॉस्फेट सोसतो. पावणेदहा गुणिले ०.४ म्हणजे जवळजवळ ४ वॉट नुसती उष्णता. म्हणून तर हीटसिंक एवढं मोठं आहे. कोपऱ्यातल्या दोन कनेक्टरांपैकी एक पंख्याचा असणार.

कॅट_निवृत्त
ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बोर्डाशेजारी चिकटव : लेसरची निगेटिव्ह तार म्हणजे ग्राउंड नव्हे. ती ड्रेनची तार आहे. तीन लेसरच्या तीन काळ्या तारा एकत्र करून ग्राउंडला नेल्या, तर मॉस्फेट आणि रेझिस्टर दोन्ही बाजूला राहतील. बारा व्होल्ट सरळ डायोडवर येतील आणि तिन्ही रंग एकदमच जातील. तुझ्या बोर्डावर पॉझिटिव्ह एकत्र आहे, निगेटिव्ह नाही. नव्या पेट्या जोडणाऱ्यांचा घात इथेच होतो, कारण एकूण वायरिंगमध्ये काळी तार ग्राउंडला न्यायची हाताला सवय झालेली असते.

आणखी एक बघ. प्रत्येक मॉड्यूलचं धातूचं अंग त्याच्या कुठल्या तारेला बीप देतं? काही डायोडचं अंग पॉझिटिव्हला जोडलेलं असतं, काहींचं निगेटिव्हला, काहींचं कुठेच नाही.

रामबाग_सर्किट
निळा आणि हिरवा कशालाच बीप देत नाहीत. लालचं अंग त्याच्या पॉझिटिव्हला देतं. आणि पेटीत फक्त लालच्या खाली पातळ करडं रबर आहे, स्क्रूखाली प्लॅस्टिकचे वायसर. बाकी दोघांखाली नुसती पांढरी पेस्ट.

कॅट_निवृत्त
ते रबर आणि ते वायसर जिवापाड जप. लालचं अंग म्हणजे १२ व्होल्ट. ज्या अॅल्युमिनियमच्या पाटीवर तो बसतो त्याच पाटीवर गॅल्व्होचा अॅम्प्लिफायर आहे, आणि त्याचं ग्राउंड पाटीला लागलेलं असणार. मध्ये रबर नसेल तर सप्लाय सरळ शॉर्ट. मूळ पेटी जोडणारा जाणकार होता. मॉस्फेटच्या पाठीशी अभ्रकाची चकती आहे का तेही बघून घे, कारण त्यांची पाठ म्हणजे ड्रेनच असतो आणि तिघांचं हीटसिंक एकच आहे.

रामबाग_सर्किट
अभ्रक तिन्हीच्या मागे आहे. पाठीपासून हीटसिंकला बीप येत नाही.

आता चार पिनांचा कनेक्टर. ट्रॅक धरून मागे मागे गेलो. गेटपासून ऑप-अँपचा आउटपुट, म्हणजे १ किंवा ७ नंबर. मग त्याच ऑप-अँपचा पॉझिटिव्ह इनपुट, ३ किंवा ५. तिथून प्रीसेट आणि प्रीसेटमधून कनेक्टर. एक पिन ग्राउंड निघाली, बाकी तीन एकेका मॉस्फेटच्या. आणि प्रत्येक पिनेपासून १०३ लिहिलेला बारीक रेझिस्टर ७८एल०५ च्या डाव्या पायाला जातोय. हे कशाला?

बडोदेकर_अणुरेणू
१०३ म्हणजे १० किलोओहम, आणि तो डावा पाय म्हणजे ५ व्होल्ट. याला पुल-अप म्हणतात. अर्थ असा की सिग्नलची केबल लावलेली नसेल किंवा कार्यक्रमात निसटली, तर तिन्ही पिना आपोआप ५ व्होल्टवर जातील आणि तिन्ही लेसर पूर्ण तेजाने पेटतील. तेव्हा गॅल्व्होही थांबलेले असले तर पूर्ण ९०० मिलीवॉट एका ठिपक्यात. मंडपात हे मला कदापि चालणार नाही.

ते तिन्ही रेझिस्टर उचला आणि प्रत्येक पिनेपासून ग्राउंडला १० किलोओहमचा एकेक लावा. मग केबल निघाली की अंधार होईल. उजेडाला हुकूम लागला पाहिजे.

सराफा_रात्र
मधेच विचारतो. इंदूरचाच आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमध्ये, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांवर, एवढे लेसर आकाशात आणि गर्दीवर फिरतात, कुणाला काही होत नाही. ९०० मिलीवॉटचं एवढं काय?

कॅट_निवृत्त
होतं. फक्त तिथल्या तिथे कळत नाही. ५०० मिलीवॉटच्या वर गेलं की लेसर चौथ्या वर्गात जातो, लेसरच्या वर्गवारीत हा सगळ्यात धोकादायक वर्ग. किरण डोळ्यात गेला की डोळ्याचंच भिंग तो पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. पापणी मिटेपर्यंत पाव सेकंद जातो, तेवढ्यात पडदा भाजलेला असतो, आणि तिथे दुखतही नाही. दृष्टीत काळा डाग दिसायला लागतो तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही असाच जातो. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेसरवर बंदी घातली होती, ती उगाच नव्हे. आपल्या झांक्या मिलच्या कामगारांनी नावारूपाला आणल्या. मांडीवर पोरं घेऊन लोक रात्रभर रस्त्याकडेला बसतात. त्या पोरांच्या डोळ्यांवर आपण किरण सोडायचा का?

रामबाग, तू भिंतीवर काढणार आहेस हे चांगलं आहे. लेसर उंचावर बसव. किरण लोकांच्या डोक्यावरून निदान तीन मीटर वरून जाऊ दे आणि भिंतीवरच संपू दे. पेटीच्या तोंडाशी खालच्या बाजूला पत्र्याची पट्टी लाव, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं तरी किरण खाली उतरणार नाही. ड्रायव्हर बोर्डाच्या १२ व्होल्टच्या तारेत लाल छत्रीवालं इमर्जन्सी बटण घाल, आणि ते एका माणसाच्या हाताशी असू दे.

चष्म्याचंही ऐक. नारिंगी काचेचा चष्मा निळा आणि हिरवा अडवतो, पण ६३८ चा लाल त्यातून आरपार येतो. एका वेळी एकच रंग चालवून त्या रंगाचा चष्मा लाव. चष्म्यावर नॅनोमीटरचा पट्टा आणि ओडी (किरण किती अडवतो त्याचा आकडा) छापलेली नसेल तर तो नुसता रंगीत गॉगल आहे.

रामबाग_सर्किट
सगळं मान्य. पत्र्याची पट्टी आजच कापून घेतो.

पुल-अप काढले, ग्राउंडला १० किलोओहम लावले. आता सप्लाय द्यायचा तर लेसरच्या जागी काय लावू?

कॅट_निवृत्त
खोटा लेसर बनव. महाराणी रोडवरून १एन५४०८ डायोड आण आणि १ ओहम ५ वॉटचा एक रेझिस्टर. लालसाठी तीन डायोड एकापुढे एक, निळ्या-हिरव्यासाठी सहा, आणि शेवटी तो रेझिस्टर. रेझिस्टरवर जेवढे व्होल्ट दिसतील तेवढेच अँपिअर. १एन४००७ घेऊ नकोस, त्याची मर्यादा १ अँपिअरची आहे. चाचणीत एखाद्या वेळी त्याच्या वर जाऊ शकतं. सप्लाय द्यायच्या आधी सगळे प्रीसेट उलटे फिरवून कमीत कमी कर.

बडोदेकर_अणुरेणू
काका, इथे माझं मत थोडं वेगळं आहे. प्रीसेटला हातच लावू नका! या बोर्डावर हेच तीन लेसर चालत होते. मूळ जोडणाऱ्याने लावलेला प्रवाह त्या प्रीसेटमध्ये अजून जसाच्या तसा आहे. मॉड्यूलच्या चिकटपट्टीवर मिलीवॉट आहेत, अँपिअर नाहीत. डायोडचा नंबरही माहीत नाही. मग प्रवाहाची माहिती मिळण्याची ही एकच जागा उरते. खोट्या लेसरवर आधी तो मोजून लिहून घ्या, मग खुशाल उलटे फिरवा.

कॅट_निवृत्त
बरोबर आहे ताई, आधी मोजून घेणंच योग्य. खोट्या लेसरचं काही जळणार नाहीये. तसंच कर रे.

रामबाग_सर्किट
अडलोय. १२ व्होल्ट दिले. ७८एल०५ वर ५ व्होल्ट नीट येतात. लालच्या पिनेवर ५ व्होल्ट दिले तरी रेझिस्टरवर शून्य. हिरवा आणि निळाही शून्य. काहीच गरम होत नाही.

बडोदेकर_अणुरेणू
कोपऱ्यातला दुसरा छोटा कनेक्टर रिकामा आहे का? काकांनी चौथ्या ऑप-अँपचं विचारलं होतं ना!

रामबाग_सर्किट
रिकामा आहे. पाटीवर लालच्या शेजारी दोन तारांचा काळा मणी चिकटवलेला आहे, त्याच्याही तारा कापलेल्या. मोजला तर १० किलोओहमच्या थोडा खाली. चिमटीत धरला की उतरत जातो.

बडोदेकर_अणुरेणू
तो थर्मिस्टर. २५ अंशांना १० किलोओहमचा, तापला की कमी होतो. चौथा ऑप-अँप त्याच्यावर नजर ठेवतो. तार तुटलेली दिसली की तो तिन्ही रंग बंद करतो, आणि पाटी जास्त तापली तरी करत असणार. जोडून बघा. तो कुठल्याही बाजूने लावला तरी चालतो.

रामबाग_सर्किट
चालला!!! मणी जोडताच तिन्ही चॅनल जागे झाले.

आधीच्याच प्रीसेटवर, ५ व्होल्ट सिग्नलला : लाल ०.४१ अँपिअर, हिरवा ०.२२, निळा ०.४५. पॉट (फिरवायचा रोधक) लावून सिग्नल अडीच व्होल्ट केला तर प्रवाह निम्म्याच्या जवळ येतो. म्हणजे बोर्ड टीटीएल (नुसता चालू-बंद) नाही, अॅनालॉग (तेज कमीजास्त होणारा) आहे ना? रंगांच्या छटा मिळतील?

कॅट_निवृत्त
हो, अॅनालॉग. मिळतील. आकडेही त्या मिलीवॉटना शोभतील असे आहेत.

लेसर जोडताना सप्लाय बंद कर आणि मोठा कपॅसिटर १०० ओहममधून रिकामा करून घे. भरलेल्या कपॅसिटरवर डायोड टेकवला तर तोही एक झटका असतो. मगच पिळलेल्या तारा सोडव. पहिल्या दिवशी या आकड्यांच्या निम्म्यावर चालव. प्रवाह वाढवत जाशील तसा आधी नुसता मंद उजेड दिसेल आणि एका ठिकाणी तो एकदम धारदार होईल. तो थ्रेशोल्ड.

बडोदेकर_अणुरेणू
लॅपटॉपकडून येणारी केबल इल्डाची, म्हणजे लेसर शोच्या ठरावीक पद्धतीची, २५ पिनांची ना? लाल ५ वर, हिरवा ६ वर, निळा ७ वर, ग्राउंड २५ वर. १८, १९, २० या त्यांच्या निगेटिव्ह जोड्या आहेत, त्या मोकळ्याच सोडा, ग्राउंडला शॉर्ट करू नका. ४ आणि १७ इंटरलॉक, म्हणजे केबल लागलेली आहे की नाही हे कळायची जोडी. लेसर जोडण्याआधी सॉफ्टवेअरमधून पूर्ण लाल दाखवून ५ आणि २५ मध्ये मीटर लावा. काही डॅक (लॅपटॉपच्या आकड्यांचे व्होल्ट करणारी डबी) तिथे ५ व्होल्ट देतात, काही अडीचच देतात आणि उरलेले अडीच निगेटिव्ह जोडीवर उलटे देतात.

रामबाग_सर्किट
५ व्होल्टच येतात. आज संध्याकाळी चष्मा लावून एकेक रंग भिंतीवर पाहिला, निम्म्या प्रवाहावर. तिन्ही जिवंत आहेत. नंतर गॅल्व्हो जोडून ओंकार काढला, भिंतीवर अगदी सुबक आला. आजी खाली अंगणात उभी राहून बघत होती.

ज्यांच्याकडे हाच बोर्ड असेल त्यांच्यासाठी : स्क्रूचं टर्मिनल डावीकडे धरलं तर चार पिना वरून खाली ग्राउंड, लाल, हिरवा, निळा. लेसरच्या कनेक्टरमध्ये कडेकडची पिन पॉझिटिव्ह. कोपऱ्यातला वरचा पंखा, खालचा थर्मिस्टर. पण मोजल्याशिवाय जोडू नका, दोन बोर्ड दिसायला सारखे असले तरी आत वेगळे निघू शकतात.

एक राहिलं. पांढरा रंग हिरवट दिसतो आणि अंधूक पांढऱ्यात तर लाल दिसतच नाही. सहा प्रीसेट म्हणजे प्रत्येकाला दोन. कुठला कशाचा?

कॅट_निवृत्त
एक थ्रेशोल्डचा, एक कमाल प्रवाहाचा. सिग्नल शून्य ठेवून फिरवलास आणि प्रवाह बदलला तर तो थ्रेशोल्डचा. तिन्ही थ्रेशोल्ड असे लाव की सिग्नल शून्य असताना किरण पूर्ण बंद असेल आणि जरा वाढताच तिन्ही रंग एकदम उगवतील. अंधूक पांढऱ्यातला लाल तिथेच परत येईल. हिरवटपणा त्यानंतर बघ. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सगळ्यात जास्त दिसतो आणि ५२० त्याच्या जवळ आहे, म्हणून हिरवा वरचढ होतो. लाल वाढवायला जाऊ नकोस, हिरव्याचाच कमाल प्रवाह उतरव. आणि हे सगळं पेटी पंधरा-वीस मिनिटं चालून गरम झाल्यावर कर, लाल डायोड तापला की त्याचं तेज उतरतं.

रामबाग_सर्किट
केलं काका. थ्रेशोल्ड लावल्यावर लाल परत आला. हिरवा ०.२२ वरून ०.१५ वर आणलाय. पांढरा आता पांढरा दिसतो.